करोंदचा ताळेबंद

भोपाळच्या उत्तरेला करोंद आहे. मंडीमुळे सगळ्या शहराला ठाऊक असलेला हा भाग आता मेट्रोच्या एका मार्गाचं टोक म्हणून नकाशावर ठळक झाला आहे. करोंद चौराह्यावरून रायसेन बायपासला लागलं की भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर येतं. इथले लोक त्याला बीएमएचआरसी म्हणतात. या रुग्णालयाचा पैसा टॉर्चच्या सेलमधून आला, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आपल्या घराघरांतले 'एव्हरेडी' सेल युनियन कार्बाइड इंडिया बनवायची. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायू सुटला तो कारखानाही तिचाच. सर्वोच्च न्यायालयानं 3 ऑक्टोबर 1991 च्या निकालात कंपनीनं भोपाळमध्ये 500 खाटांचं रुग्णालय उभारावं आणि ते आठ वर्षं चालवण्याचा खर्च सोसावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. पुढच्याच वर्षी भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी अमेरिकन मूळ कंपनीची भारतातली मालमत्ता जप्त केली. त्या मालमत्तेतला मोठा वाटा म्हणजे युनियन कार्बाइड इंडियाचे 50.9 टक्के शेअर. ते 1994 मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं कोलकात्याच्या मॅक्लिऑड रसेलला विकले गेले, कंपनीचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं आणि विक्रीतून आलेले सुमारे नऊ कोटी डॉलर रुग्णालयाच्या न्यासाकडे गेले. 2000 मध्ये रुग्णालय सुरू झालं. खाटा 350.

भारतात रुग्णालय काढणाऱ्या कुठल्याही धर्मादाय संस्थेला हेवा वाटावा अशी ही सुरुवात. घरोघर वर्गणी मागायची नाही, पावतीपुस्तकं छापायची नाहीत, नटीला बोलावून संगीतरजनी ठेवायची नाही. पैसा आधी, इमारत नंतर. विश्वस्तही साधे नव्हते. लंडनमध्ये स्थापन झालेल्या पहिल्या न्यासावर ब्रिटनचे माजी सॉलिसिटर जनरल सर इयन पर्सिव्हल होते, तर 1998 नंतरच्या भारतीय न्यासाचं अध्यक्षपद माजी सरन्यायाधीश ए. एम. अहमदी यांच्याकडे होतं. तरीही 2010 मध्ये न्यास सरकारच्या हाती गेला आणि तेव्हापासून या रुग्णालयाबद्दलची सर्वांत जुनी तक्रार आहे ती डॉक्टरांच्या रिकाम्या जागांची. इमारत आहे, यंत्रं आहेत, जमीन भरपूर आहे. पण तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाहीत, आणि एखादा विभाग त्या विषयाचा तज्ज्ञ नसल्यामुळे अडून राहतो. न्यायालयात हा विषय इतक्यांदा निघाला आहे की गॅसपीडितांच्या संघटनांना त्यातली कलमं पाठ झाली असतील.

दान कसं खर्च व्हावं याबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते मला करोंदच्या या रुग्णालयापाशी नेऊन पारखावंसं वाटतं. कारण देणगी देताना प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: शंभरातले किती रुपये गरजूपर्यंत पोचतात, आणि किती ऑफिसात जिरतात? प्रश्नात गैर काही नाही. त्याचं उत्तर टक्क्यांत मिळालं की आपलं समाधान होतं, हे गैर आहे. ऑफिसचा खर्च दाबला की तो नाहीसा होतो, असं आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा तो फक्त खांदा बदलतो आणि ज्याच्यासाठी देणगी दिली त्याच्याच खांद्यावर जाऊन बसतो.

परदेशी देणग्यांच्या कायद्यापासून सुरुवात करू, कारण 'ऑफिस' म्हणजे काय ते त्यानं लिहून ठेवलं आहे. 2020 च्या दुरुस्तीनं एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थांना प्रशासकीय खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा घातली. आधी ती 50 टक्के होती. एका संस्थेनं परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावरही तेव्हाच बंदी आली. मोठ्या शहरातल्या संस्थेनं पैसे आणायचे आणि खेड्यातल्या लहान संस्थांना वाटायचे, ही वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चात काय धरायचं हे 2011 च्या नियमांत आहे. पदाधिकाऱ्यांचे पगार आणि प्रवास, व्यवस्थापनातली माणसं, कार्यालयाचं भाडं, वीज, फोन, टपाल, स्टेशनरी, दुरुस्ती, हिशेब ठेवण्याचा आणि अहवाल लिहिण्याचा खर्च, वकिलाची फी हे सगळं त्यात येतं. रुग्णालयातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार मात्र येत नाही, कारण तो थेट कामाचा खर्च आहे.

वाचायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. डॉक्टर हे काम, कारकून हे ऑफिस. आता भोपाळमध्ये या.

गॅसपीडिताला ओळखायचं असेल तर त्याच्या हातातली पिशवी बघावी. दुकानातून मिळालेली, कड फाटू नये म्हणून दुहेरी केलेली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात घड्या पडून तुकडे व्हायला आलेले पर्चे, पिवळे पडलेले एक्स-रे, लॅमिनेट केलेलं कार्ड, शिधापत्रिकेची झेरॉक्स, दावा न्यायालयाच्या नोटिशीची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स. आपण त्या रात्री त्या वस्तीत होतो, तेव्हापासून धाप लागते, डोळ्यांतून पाणी येतं, हे सिद्ध करण्याचा सगळा भार त्या पिशवीवर. दवाखान्यात औषध फुकट मिळालं तरी पिशवी फुकट पडत नाही. झेरॉक्सचे पैसे, रिक्षाचं भाडं, बुडालेला रोज आणि 'साहब आज नहीं हैं, कल आना' ऐकून घालवलेला दुसरा दिवस. हा खर्च कुठल्या संस्थेच्या ताळेबंदात कुणी पाहिला आहे?

नोंद ठेवणारा कारकून जिथे नसतो तिथे प्रत्येक रुग्ण स्वतःचा कारकून होतो. सर्वोच्च न्यायालयाला 9 ऑगस्ट 2012 ला आदेश द्यावा लागला की गॅसपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणा आणि त्यांना आरोग्य पुस्तिका व स्मार्ट कार्ड द्या. दुर्घटनेला तेव्हा सत्तावीस वर्षं उलटून गेली होती. वायूच्या दूरगामी परिणामांवरचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अभ्यास 1994 मध्येच गुंडाळला गेला होता. ज्यांच्यावरच्या उपचारांचा जगात दुसरीकडे कुठेच अनुभव नव्हता अशा लाखो रुग्णांच्या नोंदी नीट लागल्या असत्या, तर त्या वैद्यकशास्त्राच्या कामी आल्या असत्या, न्यायालयाच्या कामी आल्या असत्या आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही उपयोगी पडल्या असत्या. पण नोंदी म्हणजे स्टेशनरी, डेटा एंट्री, पगार. हिशेबाच्या भाषेत आस्थापना खर्च.

याच शहरातलं यापेक्षा झोंबणारं उदाहरण विम्याचं आहे आणि ते फार थोड्यांना आठवतं. 1991 च्या त्याच निकालात न्यायालयानं आणखी एक व्यवस्था सुचवली होती. तेव्हा ज्यांच्यात लक्षणं दिसत नाहीत पण पुढे दिसू शकतील अशांसाठी, आणि पुढे जन्माला येणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्यात वायूमुळे जन्मजात दोष आढळतील त्यांच्यासाठी, किमान एक लाख लोकांचा गट विमा केंद्र सरकारनं उतरवावा. हप्ता कंपनीनं 1989 च्या तडजोडीत दिलेल्या रकमेतून भरावा. अत्यंत दूरदर्शी कल्पना होती. जो आजार अजून दिसत नाही त्याच्यासाठी आजच तजवीज. सरकारनं विमा उतरवलाच नाही. 14 मार्च 2023 ला न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या घटनापीठानं सरकारची उपचारात्मक याचिका फेटाळली, तेव्हा विमा न उतरवणं हा सरकारचा घोर निष्काळजीपणा असल्याचं नोंदवलं.

हप्त्याकडे दान देणाऱ्याच्या नजरेनं बघा. तो कुणाच्या हातात पडत नाही. त्याचा फोटो काढता येत नाही. ज्या वर्षी कुणी आजारी पडलं नाही त्या वर्षी तो वाया गेल्यासारखा दिसतो. नुकसानभरपाईची रक्कम वाटप करताना फोटो निघतो, रांग दिसते, आकडा सांगता येतो. म्हणून वाटप झालं, हप्ता राहिला.

आता उलट बाजू, आणि ती हलकी नाही. ऑफिसच्या खर्चाबद्दलचा संशय लोकांनी हवेतून काढलेला नाही. देणगीच्या पैशावर गाड्या उडवणारे, तारांकित हॉटेलांत 'ग्रामीण दारिद्र्य' या विषयावर कार्यशाळा भरवणारे, घरातल्याच चार जणांना विश्वस्त करून त्यांनाच पगार देणारे लोक आपण पाहिले आहेत. भोपाळमध्ये तर पैशाला किती भोकं पडू शकतात हे लोकांनी अंगावर सोसलं आहे. फेब्रुवारी 1989 च्या तडजोडीत कंपनीनं 47 कोटी डॉलर दिले. दावे निकाली निघायला 1992 नंतर वर्षानुवर्षं लागली, आणि बहुतेकांच्या पदरात पंचवीस हजारांच्या आसपास रक्कम पडली. त्यातूनही दावा न्यायालयांच्या आवारात घोटाळणाऱ्या दलालानं, अर्ज भरून देणाऱ्यानं, 'फाइल पुढे सरकवतो' म्हणणाऱ्यानं आपापला वाटा काढला. अशा शहरात कुणी विचारलं की माझ्या पैशाचं काय होतं, तर त्याला ओव्हरहेडचं अर्थशास्त्र शिकवायला जाणं हा उद्धटपणा होईल.

पण याच उदाहरणात एक मेख आहे. दलालाला गेलेला रुपया कुठल्याच हिशेबात 'प्रशासकीय खर्च' म्हणून आला नाही. कागदावर भरपाईची सगळी रक्कम थेट पीडिताला मिळाली. टक्केवारी पाहिली तर निर्दोष. दलाल उगवला तो नेमका तिथे, जिथे अर्ज भरून देणारा पगारी माणूस नेमला नव्हता. खिडकीपाशी एक समजूतदार कारकून, समोर बसायला बाकडं आणि हिंदी-उर्दू दोन्ही वाचता येणारा मदतनीस एवढं असतं, तर दलालाचं दुकान निम्मं बसलं असतं. गैरव्यवहार टक्क्यांच्या चाळणीतून आरामात निसटतो. अडकतो तो प्रामाणिक संस्थेचा हिशेबनीस.

आणि संस्थाही यात साळसूद नाहीत. टक्का कमी दाखवायचा तर कामाची नावं बदलतात. एका संस्थेच्या हिशेबात (नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा पुष्कळ आहेत) मी चौकीदाराचा पगार 'परिसर सुरक्षा उपक्रम' या मथळ्याखाली पाहिला, आणि ऑफिसच्या जीपचं डिझेल 'क्षेत्रीय संपर्क' म्हणून. कुणी पैसे खाल्ले नव्हते. चौकीदार खराच होता, जीपही खरीच होती. पण देणगीदार जे ऐकू इच्छितो तेच त्याला ऐकवण्याची सवय लागली की मग संस्थेला स्वतःलाही कळेनासं होतं की आपला कुठला खर्च कशासाठी आहे. 'तुमचा प्रत्येक रुपया थेट लाभार्थ्याला' अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेला मी देणगी देत नाही. एक तर ती खोटं बोलते, किंवा तिची वीज, जागा आणि माणसं यांचा खर्च दुसरं कुणीतरी करतं आणि ते आपल्याला सांगितलं जात नाही.

अमेरिकेत या विषयावर बरंच लिहून झालं आहे. डॅन पॅलोटा यांचं 'अनचॅरिटेबल' 2008 मध्ये आलं. 2009 मध्ये स्टॅनफर्डच्या एका नियतकालिकात संस्था कशा उपाशी ठेवल्या जातात याचं चक्र दोन लेखकांनी मांडलं: देणगीदाराची अपेक्षा अवास्तव, म्हणून संस्था खर्च दाबते आणि कमी दाखवते, म्हणून अपेक्षा आणखी अवास्तव. 2013 मध्ये तर धर्मादाय संस्थांना गुण देणाऱ्या तिथल्या तीन मोठ्या संस्थांनीच देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं की केवळ या टक्क्यावरून संस्था जोखू नका. मला त्यातला सर्वांत बोलका वाटतो तो 2014 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. 40 हजार लोकांना देणगीची पत्रं गेली. काहींना सांगितलं की ऑफिसचा सगळा खर्च एका मोठ्या देणगीदारानं आधीच उचलला आहे, तुमचा पैसा पूर्ण कामाला जाईल. या गटानं इतरांपेक्षा बराच जास्त पैसा दिला. संस्थेचा ऑफिसचा खर्च तेवढाच होता. फक्त तो दुसऱ्याच्या नावावर गेला होता. म्हणजे आपला विरोध खर्चाला नसतो. तो खर्च आपल्या पैशातून होण्याला असतो.

आपल्याकडे हे सांगायला प्रयोग लागत नाही. कुठल्याही देवळाच्या सभामंडपात मान वर करून पाहावं. पंख्याच्या पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' असं रंगवलेलं असतं. पंखे देणारे डझनावारी मिळतात. विजेचं बिल कुणाच्याच स्मरणार्थ भरलं जात नाही. भोपाळच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातही हेच. प्रसादाला, फुलांना, बक्षिसांना देणारे पुढे येतात, मांडव साफ करणाऱ्याच्या पैशाला 'बघू, उरले तर' असं उत्तर मिळतं. याला कंजूषपणा म्हणणं अन्यायाचं होईल. दान ही आपल्याकडे पुण्याची गोष्ट आहे आणि पुण्य झाडूला चिकटत नाही, असं कुठेतरी मनात बसलं आहे.

करोंदपासून फार दूर नसलेल्या बैरसिया रोडवरच्या संभावना ट्रस्टच्या दवाखान्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. सतीनाथ सारंगी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गॅसपीडितांसाठी तो सुरू केला. आधुनिक उपचारांबरोबर आयुर्वेद, पंचकर्म आणि योग, वस्त्यांतून फिरणारे आरोग्य कार्यकर्ते, आवारात औषधी वनस्पतींची बाग. पैसा प्रामुख्यानं ब्रिटनमधल्या सामान्य लोकांचा, लहान लहान रकमांचा. तो जमला कसा? 1994 मध्ये 'गार्डियन' या लंडनच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. ती लिहिली होती जाहिरात क्षेत्रात नाव काढलेल्या इंद्र सिन्हा यांनी, ज्यांनी पुढे भोपाळवरच 'अ‍ॅनिमल्स पीपल' ही कादंबरी लिहिली आणि ती 2007 मध्ये बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. वर्तमानपत्रातली जाहिरात म्हणजे निव्वळ निधी-संकलनाचा खर्च. तिच्यातून एकाही खोकणाऱ्या माणसाला औषध मिळत नाही. टक्केवारीवर अडून बसलेल्या कुणाही सल्लागारानं तिच्यावर पहिली फुली मारली असती. त्या जाहिरातीला प्रतिसाद म्हणून आलेल्या पैशातून दवाखाना उभा राहिला आणि भोपाळ मेडिकल अपील ही संस्था त्याला पैसे पुरवत राहिली.

संभावनाच्या पैशाची सगळी मदार परदेशी देणगीवर होती आणि 2019 मध्ये तिची एफसीआरए नोंदणी गेली, तेव्हा दवाखान्याचा श्वास कोंडला. देणगीदार होते, रुग्ण होते, मधली नळी कापली गेली होती. एकाच वाटेनं येणाऱ्या पैशावर अवलंबून राहण्यातला हा धोका आहे आणि तो टाळायचा तर भारतात देणगीदार शोधणारी माणसं नेमावी लागतात. पुन्हा खर्च, पुन्हा 'ऑफिस'.

चिंगारी ट्रस्टचं वळण निराळं. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी गॅसपीडित. त्यांना 2004 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. बक्षिसाचे पैसे त्यांनी घरी न नेता गॅसपीडितांच्या अपंग मुलांसाठी संस्था काढायला वापरले. आता अशा मुलांसाठीच्या केंद्राचा खर्च विचारात घ्या. फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार करणारी ताई, मुलांना वस्तीतून आणणारी गाडी. गाडीचं डिझेल हा काय खर्च आहे? चालता न येणाऱ्या मुलाला आईनं कडेवर घेऊन दोन बस बदलत आणायचं नसेल, तर डिझेल हाच उपचार आहे. गाडी काढून टाकली तर वाहन खर्चाचा आकडा छान दिसेल आणि आया यायच्या बंद होतील.

महाराष्ट्रातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावागावांतल्या प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवली. आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायकांना शिकवलं. 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि 47 गावं तुलनेसाठी ठेवली. ज्या गावांत आपण उपचार करत नाही तिथेही माणसं नेमून नुसती मोजदाद करायची, याहून मोठा 'अनुत्पादक' खर्च कल्पना करता येणार नाही. एखाद्या दानशूर शेटजींनी विचारलंही असतं की अहो, या 47 गावांत माझ्या पैशानं कोण वाचलं? पण त्या मोजदादीमुळेच नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं सिद्ध झालं, ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरच्या नवजात बालसेवेचा देशव्यापी सरकारी कार्यक्रम झाला. नोंदी नसत्या तरी गडचिरोलीत बाळं वाचली असती, पण बाहेरच्या कुणाचा त्यावर विश्वास बसला नसता.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात, म्हणजे सीएसआरमध्ये, तर आणखी गमतीशीर गोंधळ आहे. कंपनी कायद्याच्या नियमांत 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयानं 2021 मध्ये स्पष्टही केलं. तरी संस्थांना भेटणारे सीएसआर अधिकारी बिनदिक्कत सांगतात, 'पाच टक्क्यांच्या वर काही धरू नका.' संस्था निमूटपणे धरत नाही. मग तिचा हिशेबनीस तीन प्रकल्पांत एक-तृतीयांश, एक-तृतीयांश असा वाटला जातो आणि मार्चअखेरीला रात्री जागून तीन कंपन्यांच्या तीन वेगळ्या नमुन्यांत तोच आकडा भरत बसतो. त्याच अधिकाऱ्याच्या कंपनीत विक्री, हिशेब, कायदा, माणसांची भरती या सगळ्यांवरचा खर्च पाच टक्क्यांत भागतो का, हे त्याला विचारायची सोय नसते. मागणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात.

मग देणाऱ्यानं करायचं काय? माझ्या मते, टक्का विचारणं सोडून रक्कम विचारावी. ऑफिसवर किती टक्के खर्च होतात यापेक्षा एका मुलाला वर्षभर केंद्रात सांभाळायला एकूण किती रुपये लागतात आणि त्यात काय काय आलं, हे संस्थेला सांगता येतं का ते पाहावं. ज्या संस्थेला हा आकडा ठाऊक असतो तिथे हिशेब ठेवणारा माणूस असतो आणि त्याच्याकडे कुणी लक्षही देत असतं. दुसरं, माणसं किती काळ टिकतात ते विचारावं. करोंदच्या रुग्णालयाचं दुखणं यंत्रांचं नव्हतं, टिकणाऱ्या माणसांचं होतं. आणि शक्य तर एकदा संस्थेच्या दारात जाऊन बाहेरच्या रांगेत उभं राहावं, आतल्या केबिनमध्ये नव्हे. रांगेतल्या माणसाला किती कागद मागितले जातात, कितीदा परत पाठवलं जातं, पाणी आणि बसायला जागा आहे का, यावरून त्या संस्थेचा खरा व्यवस्थापन खर्च कोण भरतंय ते कळतं. लेखापरीक्षकाच्या अहवालात ते येत नाही.

लहान संस्थेचा टक्का नेहमीच जास्त दिसणार, हेही ध्यानात ठेवावं. सीएची फी दहा लाखांच्या संस्थेला आणि दहा कोटींच्या संस्थेला शंभरपट फरकानं लागत नाही. नव्या संस्थेची पहिली दोन-तीन वर्षं तर जवळपास सगळी 'ऑफिस'च असतात. 1986 मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि पाठीशी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. किती व्यसनी बरे झाले, हा हिशेब तेव्हा कुणाला देता आला असता? डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्यावरचा विश्वास एवढंच तारण होतं.

टक्क्यांवरच अडून बसायचं असेल तर भोपाळमध्ये त्याचाही आदर्श सापडतो. तडजोडीचे उरलेले पैसे बँकेत पडून राहिले. डॉलरचा भाव चढला, व्याज साठलं आणि 2004 मध्ये ते साधारण 1500 कोटी झाले असताना न्यायालयानं ते पीडितांत वाटायला लावले. 2023 च्या निकालातही रिझर्व्ह बँकेकडे पडून असलेल्या 50 कोटींचा उल्लेख आहे आणि ते उरलेल्या दाव्यांसाठी वापरा असा आदेश. मधल्या वर्षांत त्या पैशावर ना कारकून पोसला गेला, ना जीप फिरली, ना स्टेशनरी लागली. ज्यांचे ते होते त्यांतले कित्येक जण तोवर गेले होते.

देणगीच्या पावतीवर 'हेतू' असा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे 'औषधे', 'शिक्षण' किंवा 'अन्नदान' लिहितात आणि संस्थेचा तेवढा पैसा त्या खणात बंद होतो. तिथे 'सर्वसाधारण निधी' असं लिहिता येतं. करसवलतीत काही फरक पडत नाही. संस्थेला मात्र तो पैसा जिथे अडलं आहे तिथे लावता येतो: डॉक्टरच्या पगाराला, गाडीच्या डिझेलला, किंवा खिडकीपलीकडे बसून त्या प्लास्टिकच्या पिशवीतले कागद एकदाच नीट लावून संगणकात भरणाऱ्या माणसाला.